आधी आजोबांचा दाखला, मग पेशवे दफ्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये प्रवेशांची घाई सुरू झाली की पुण्यातल्या तहसील कचेऱ्यांत आणि त्यांच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानांत वंशावळी फिरू लागतात. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्यामुळे नाइलाजाने का होईना, हजारो घरांत आजोबा-पणजोबांचे कागद गोळा होतात. प्रमाणपत्र हाती आले की ती फाइल माळ्यावर जाते आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे. आणि तीच माणसे पुन्हा म्हणतात, "आमच्यासारख्या साध्या घराला कुठला आलाय इतिहास!"

सरदार-जहागीरदारांचा इतिहास लिहिला गेला, साध्या माणसांचा नाही, हे खरेच. पण सारा वसूल करायला, पोराला शाळेत घालायला आणि गावात पटकी (कॉलरा) आली तर मेलेल्यांची मोजदाद करायला सरकारला साध्या माणसाचेच नाव लागते. ते लिहिले गेलेले आहे आणि बरेचसे अजून टिकून आहे. अडचण येते ती शोधायच्या पद्धतीत. बहुतेक जण वरून खाली येऊ पाहतात: आपल्या आडनावाचा एखादा सरदार धरायचा आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढायची. असे काम कधी तडीला जात नाही. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे आणि प्रत्येक बाप-लेकाच्या दुव्याला निदान एक कागद ठेवायचा. ज्या दुव्याला कागद नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचे. बाकी सगळे तपशील या एका शिस्तीवर उभे राहतात.

कागदांच्या आधी घरातली म्हातारी माणसे. त्यांना "आपले पूर्वज कोण होते?" असे विचारले तर उत्तर येत नाही, किंवा "आपण मूळचे राजस्थानातले" असले काहीतरी येते. त्याऐवजी "आपण सुतक कुणाकुणाचे धरतो?" असे विचारावे. ज्यांचे सुतक धरले जाते ती घरे एका पुरुषाच्या वंशातली मानलेली असतात, मग आज त्यांची तोंडे एकमेकांकडे असोत वा नसोत. पाठोपाठ देवक कोणते, कुलदैवत कोणते, गावच्या जत्रेत आपला मान कोणता, आणि आपल्या शेताच्या बांधाला बांध कुणाचा, हे विचारावे. वाटण्या झालेल्या भावांची शेते शेजारी शेजारी असतात, म्हणून बांधकऱ्यांची नावे बरेचदा भाऊबंदांचीच निघतात. सालाचा प्रश्न थेट विचारू नये. "पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर?", "बहात्तरच्या दुष्काळात तो केवढा होता?" असे विचारले की म्हातारी माणसे अचूक सांगतात. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ ला. त्याच्या मागची खूण गांधीवधाची, त्याही मागे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि १८९७ चा प्लेग.

ज्या घरांत श्राद्ध होते तिथे आणखी एक साधन आहे. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात, आईकडच्याही तीन. भटजींच्या किंवा घरातल्या जुन्या वहीत ही नावे मृत्यूच्या तिथीसह सापडतात. तिथीवरून वर्ष कळत नाही, पण सरकारी नोंदीतली तारीख आणि घरातली तिथी पंचांगात ताडून जुळली, तर नोंद आपल्याच माणसाची आहे याची जवळजवळ खात्री होते. एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात मेली असतील तेव्हा हाच ताळा कामाला येतो.

आता शाळा. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांना माहीत असतो, पण तो ज्यावरून उतरवला जातो ते जनरल रजिस्टर पाहावे. दाखल्यावर न येणारे बरेच काही त्यात असते: आधीची शाळा, दाखल केले ती इयत्ता, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. "आधीची शाळा" हा रकाना दुर्लक्षू नये. कुटुंब कोणत्या गावाहून पुण्याला आले ते अनेकदा तिथेच कळते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधीच्या खेड्यातल्या शाळा लोकल बोर्डाच्या, म्हणून जुन्या कागदावर "लो. बोर्ड शाळा" दिसले की गोंधळू नये. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करून शोधावे लागते. जन्मतारखेवर मात्र विश्वास बेतानेच. जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची जी भाऊगर्दी आहे, तिचे कारण मास्तरांनी सत्राच्या सुरुवातीची तारीख अंदाजाने टाकली, एवढेच. दोन सख्ख्या भावांच्या जन्मतारखांत चार महिन्यांचे अंतर असेल, तर तो चमत्कारही मास्तरांचाच. शाळेतले आडनावही कधीकधी मास्तरांनीच दिलेले असते. त्याआधीच्या कागदांत माणूस नुसता "राणू बिन सखाराम" असतो, फार तर पुढे माळी, कुंभार, सुतार. आडनावाचाच शोध घेणारा इथे अडतो. नाव, बापाचे नाव आणि गाव या तीन गोष्टी एकत्र शोधल्या पाहिजेत.

शाळेत न गेलेल्या माणसासाठी कोतवाल बुक. गाव नमुना १४ म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. ती आता बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. ती वाचताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जन्माच्या पानांवर आजोबांचे नाव शोधणे. नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. तिथे असते बापाचे नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी". म्हणजे आजोबांचा जन्म हवा असेल तर पणजोबांचे नाव शोधायचे आणि त्यांच्या नावावरच्या सगळ्या नोंदी क्रमाने उतरवून घ्यायच्या. मृत्यूच्या पानांवर वय आणि कारण असते: ताप, पटकी, देवी, प्लेग, खोकला. मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू असेल तर त्याच्या जन्माआधीची चार-पाच वर्षे मृत्यूची पाने नीट पाहावीत. आधीची मुले जगली नाहीत म्हणून असे नाव ठेवलेले असते आणि त्या मुलांच्या नोंदी तिथे मिळतात. वंशावळीत त्यांना कुणी जागा देत नाही. द्यावी.

पुणे शहरात जन्म-मृत्यूच्या नोंदी एका ठिकाणी नाहीत. महापालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. त्याआधी नगरपालिका होती. लष्कर भाग आणि खडकीच्या कॅन्टोन्मेंटची दप्तरे वेगळी, पिंपरी-चिंचवडची वेगळी. "पुण्याला जन्म झाला" असे घरात म्हणतात तो जन्म खडकीच्या दवाखान्यातला असेल, तर महापालिकेत कितीही हेलपाटे घाला, नोंद सापडणार नाही. १९९७, २०१७ आणि २०२१ साली पालिकेत आलेल्या गावांचे ग्रामपंचायतीकडचे दप्तर पालिकेकडे गेले, पण महसुली कागद तहसीलदाराकडेच राहिले. म्हणजे एकाच गावासाठी दोन दारे ठोठवायची.

सर्वांत भरघोस साधन म्हणजे जमिनीचे कागद, आणि त्यात राजा फेरफार, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याची नोंद. आजचा सातबारा छापून उपयोग नाही. हाताने लिहिलेले जुने सातबारे मागावेत. त्यांवर नावांना कंस केलेले दिसतात आणि जवळ वर्तुळात आकडे असतात. कंस म्हणजे ते नाव कमी झाले. वर्तुळातला आकडा म्हणजे ते ज्या फेरफाराने झाले त्याचा क्रमांक. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढली की "खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, विधवा बायको" असा मजकूर समोर येतो. शेवटी सर्कल अधिकाऱ्याचा शेरा असतो: मंजूर किंवा रद्द. रद्द झालेला फेरफारही टाकून देऊ नये, कारण तक्रार कोणत्या भावाने केली ते त्यात असते. वारसांची वेगळी नोंदवही गाव नमुना ६ क. अशा रीतीने सातबाऱ्यावरून फेरफार, त्यावरून जुना सातबारा, त्यावरून आणखी जुना फेरफार, असे मागे जात राहायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे बऱ्याच गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत या वाटेने पोहोचता येते. त्याहून मागे जायचे तर कडईपत्रके, आणि भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात सूडपत्रक, शेतवार पत्रक, बोटखत ही जमीनमोजणीची जुनी पत्रके. इंग्रजी अमलात पुढे टिकलेली मोजणीची पद्धत आपल्याच जिल्ह्यात, इंदापुरात, १८३६ च्या सुमारास सुरू झाली.

जुन्या उताऱ्यावर हिस्सा आणे-पैंत लिहिलेला असतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण, आणि बारा पैंचा एक आणा. "८ आणे" दिसले की दोन वाटेकरी, "५ आणे ४ पै" दिसले की तीन, कारण १९२ पैंचा तिसरा भाग ६४ पै. आणि पुढच्या पिढीत "२ आणे ८ पै" आले तर त्या तिघांपैकी एकाला दोन वारस होते. नावे फाटून गेलेल्या पानावर नुसत्या या आकड्यांवरून भावांची संख्या काढता येते. मात्र खरेदी-विक्रीनेही हिस्से बदलतात, आणि निपुत्रिक मेलेला भाऊ या हिशेबात दिसत नाही. म्हणून आकड्याने शोधावे आणि फेरफाराने सिद्ध करावे.

नावापुढची अक्षरे तर वाचलीच पाहिजेत. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. उताऱ्यावर नाव एकट्या थोरल्याचे असते, मागे चार भाऊ उभे असतात. कित्येक घरांच्या वंशावळीतून धाकट्या चुलत्यांच्या शाखा गळाल्या आहेत त्या यामुळे. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. "बबन सखाराम, अ.पा.क. आई" असे असेल तर त्या तारखेला बबन अठराच्या आतला होता आणि सखाराम बहुधा हयात नव्हता, एवढे तीन अक्षरांत कळते. "बिन" आणि "वलद" बापाच्या नावाआधी येतात, "कोम" आणि "भ्र." नवऱ्याच्या. मराठवाड्यातल्या कागदांत विधवेला "बेवा" लिहिलेले असते.

मध्येच माग तुटतो तो एकत्रीकरणामुळे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव जमिनी एकत्र झाल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन १९४० चा कागद मागितला तर कारकून "नाही" म्हणणार आणि ते बरोबरच आहे. आधी गटावरून जुना सर्व्हे नंबर काढून घ्यावा, मग अर्ज करावा. क्षेत्र ताडताना चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर हे लक्षात ठेवले की पुरते. गाव धरणाखाली गेले असेल (मुळशी, पानशेत, पवना, उजनी, जिल्ह्यात अशी गावे कमी नाहीत) तर भूसंपादनाचा निवाडा शोधावा. त्यात खातेदारांची नावे, क्षेत्र आणि मोबदला असतो. गावाच्या नावाचाही घोळ असतोच. नुसते "वडगाव" म्हणून भागत नाही: मावळातले, शेरी, धायरी, बुद्रुक, कोणते? बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावे आणि त्यांची दप्तरे वेगळी. खेडचे राजगुरुनगर झाले, वेल्हे तालुक्याचे राजगड. भोर १९४८ पर्यंत संस्थान होते, तेव्हा तिकडचे आधीचे कागद संस्थानी.

"आमची जमीनच नव्हती" म्हणणाऱ्यांनी इथे थांबू नये. कसणारे कूळ सातबाऱ्यावरच्या "इतर हक्क" आणि पीकपाहणीच्या रकान्यांत सापडते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले) कुळांच्या हजारो चौकशा झाल्या आणि त्यांत जबाब आहेत. महार वतनाच्या जमिनी उताऱ्यावर "समस्त महार" अशा एका शब्दाखाली जातात, एकेकाचे नाव नाही. कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ चा. त्यानंतर जमिनी फेरदेण्याच्या प्रकरणांत प्रत्येक वाटेकऱ्याचे नाव लिहावे लागले, म्हणून ती प्रकरणे मागावीत. शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घरमालकाची. भाडेकरूच्या घराला भाडेपावत्या, जुने रेशनकार्ड, घर क्रमांकाने लावलेल्या मतदार याद्या. नोकरदाराच्या घरात सेवापुस्तक. रेल्वे, टपाल, खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना, कुठलेही असो, त्याच्या पहिल्या पानावर बापाचे नाव, मूळ गाव, उंची आणि ओळखीची खूण असते. ज्याचा एकही फोटो नाही अशा पणजोबांच्या "डाव्या भुवईवर व्रण" होता, हे त्या एका ओळीतून कळते. पहिल्या महायुद्धात परदेशी मेलेल्या शिपायाचे नाव राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, आणि बरेचदा पुढे बापाचे नाव व गाव असते. ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरे, मुसलमान घरांना काझींकडची निकाहाची दप्तरे. जनगणनेचे घरोघरचे तक्ते मात्र विलायतेसारखे आपल्याकडे पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने ते गोपनीय आहेत.

इथवर सगळे पुरुषांचे झाले. छापील कुलवृत्तांतांचे हेच दुखणे आहे: सातशे पुरुष, आणि बायकांच्या जागी "पत्नी: लक्ष्मी (माहेर माहीत नाही)". हिशेब केला तर चौथ्या पिढीत प्रत्येकाला सोळा पूर्वज असतात, आठ पुरुष आणि आठ बायका. आडनावाची वंशावळ त्यातल्या एकाच पुरुषाची. बाईचे लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा नावही, म्हणून तिचा माग सासरच्या कागदात लागत नाही. तो माहेरच्या कागदात लागतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या वारसनोंदीत मुलींची नावे येऊ लागली. त्याहून कामाचे हक्कसोडपत्र. भावांच्या नावे हक्क सोडताना बहिणीचे सासरचे पूर्ण नाव, वय, गाव आणि माहेरचे नाते, सगळे एका कागदावर येते. बहिणींकडून हक्क काढून घेण्यासाठी केलेला हा कागद संशोधकाला मात्र बहिणी मिळवून देतो. नोंदणी कार्यालयात दोन सूची असतात, पहिली माणसांच्या नावाने आणि दुसरी मिळकतीने. मिळकतीचा नंबर माहीत नसेल तर पहिली सूची मागावी. १९८५ पासूनचे बरेच दस्त संकेतस्थळावर शोधता येतात. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या याद्याही फेकू नयेत. मामाकडची आडनावे त्यांत असतात.

मोडी या जुन्या मराठी लिपीचे भय अनाठायी आहे. १९५० च्या आसपासपर्यंतच्या महसुली नोंदी मोडीत सापडतात आणि त्या साचेबंद असतात. बखर वाचायची नसून नाव, तारीख, सर्व्हे नंबर आणि "मयत" एवढे वाचायचे असते. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार महिन्यांत तेवढे जमते. शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, ही मुख्य अडचण. अक्षर अडले तर त्याच पानावर त्याच हाताने लिहिलेला ओळखीचा शब्द, उदाहरणार्थ गावाचे नाव, शोधून त्यातले अक्षर ताडावे. अंदाजाने "रामा" वाचू नये. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून अनेक जिल्ह्यांत मोडी अभिलेखांची छायाचित्रे संकेतस्थळांवर आली आहेत. जातीच्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही आपल्या गावची पाने सरावासाठी उघडून पाहावीत.

सन लिहिण्याच्या पद्धती चार-पाच. शकात ७८ मिळवावेत, पौष ते फाल्गुनात १ जानेवारी उलटला असेल तर ७९. निजामी भागातल्या फसली सनात ५९०, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. पेशवाईतला शुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि एकं-दहं-शतं असा उलटा: "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून १७७४-७५ लिहावे. काशी-गयेच्या पंड्यांकडच्या वहीत विक्रम संवत असतो (५७ वजा) आणि वद्य पक्षात महिना आपल्या पुढचा. आपला भाद्रपद वद्य तो त्यांचा आश्विन. हे न कळल्याने तिथी जुळत नाही म्हणून खरी नोंद टाकून दिली जाते. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही आडनाव आणि गावावरून नावे मिळतात. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे वंशावळी राखणारे हेळवी आहेत. या वह्यांतल्या ज्या नोंदी आलेल्या माणसाने स्वतः सांगून लिहवल्या त्या भरवशाच्या. त्याच्या वरच्या सहा पिढ्या ऐकीव समजाव्यात.

आणि मग पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदांचा पुण्यातला सरकारी संग्रह. पुण्यात राहणाऱ्याला वाटते, जवळच आहे, आधी तिथेच जावे. जाऊ नये. तिथे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि कोट्यवधी कागद, पण साध्या माणसांच्या नावांची सूची नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ दरम्यान काढलेले ४५ निवडक खंड राजकारणाचे, त्यात तुमचे पणजोबा नाहीत. तिथे शोध घ्यायचा तो प्रांत, परगणा आणि गावाने, म्हणून आपले गाव तेव्हा कोणत्या तरफेत (परगण्याच्या पोटविभागात) होते हे आधी पक्के हवे. पाटील, कुलकर्णी किंवा बलुतेदाराचे घर असेल तर वतनाच्या तंट्याचे महजर, म्हणजे गोतसभेचे (गावकरी-भाऊबंदांच्या सभेचे) लेखी निवाडे, पाहावेत. गोतसभेला बसलेल्या गावकऱ्यांची नावे शेवटी एकाखाली एक असतात, आणि सही येत नसलेल्याची निशाणी: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. १८१८ च्या आधीचा साधा माणूस नावानिशी भेटायची ही चांगली जागा. पण १९१० ते १८१८ या दरम्यानचे तीन-चार दुवे कागदाने जोडलेले नसतील, तर तो परीट तुमचाच हे म्हणता येत नाही. नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची आपली रीत, त्यामुळे राणूचा सखाराम आणि सखारामचा राणू अशी साखळी चालते आणि दोन पिढ्या सहज गाळल्या किंवा वाढवल्या जातात. एका पिढीला सरासरी पंचवीस-तीस वर्षे धरून ताळा घ्यावा. बाप-लेकाच्या नोंदींत साठ वर्षांचे अंतर पडले तर मधला कुणीतरी हरवला आहे. नेमकी हीच फट पैसे घेऊन "राजघराण्यापर्यंत" वंशावळ करून देणारे भरतात. त्यांना प्रत्येक दुव्याचा कागद मागावा, म्हणजे दर आपोआप उतरतो.

टिपण ठेवायची सोपी रीत: स्वतःला १ क्रमांक द्यावा. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचा बाप, दुपटीत एक मिळवला की आई. बापाचे वडील ४, आईची आई ७. कागदाच्या फोटोलाही हाच क्रमांक. फोटो पूर्ण पानाचा घ्यावा, पान क्रमांकासह, आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्याचाही एक. नुसत्या आपल्या ओळीचा फोटो पुढे पुरावा म्हणून उभा राहत नाही. घरातले जुने कागद लॅमिनेट करू नयेत. उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा जातो आणि तो सुटाही होत नाही. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून शाई खातो. सुती कापडात बांधून, वेखंडाची पुरचुंडी ठेवून, भिंतीपासून दूर, पेटीत ठेवावेत. फोटोंच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने, आणि ती सांगणारे माणूस आहे तोवर.

प्रशासनाकडे एक मागणी. महसुली दप्तरात "अ" यादीतले कागद कायम ठेवायचे असतात, "ब" यादीतले तीस वर्षे. फेरफार स्कॅन झाले, सातबारा पंधरा रुपयांत डिजिटल सहीने मिळतो, हे कौतुकाचेच. पण कमी पटाच्या शाळा बंद किंवा एकत्र होत असताना त्यांची जनरल रजिस्टरे कुठल्या कपाटात गेली याची यादी कुठेही लावलेली नसते. जिल्हा परिषदेने निदान तालुकावार एक पत्रक संकेतस्थळावर द्यावे: शाळेचे जुने नाव, गाव, रजिस्टर कोणत्या सालापासूनचे, आणि आता कुणाच्या ताब्यात. स्कॅनिंगला निधी मिळेल तेव्हा मिळेल. या पत्रकाला एक कारकून आणि एक महिना पुरेसा आहे.

आपला,
एक मोडीवाचक
सदाशिव पेठ, पुणे ३०